शेऱ्याचा रकाना

मामा, तुम्ही गेलात त्या मंगळवारी सकाळी मी तुमच्याकडेच यायला निघाले होते. पर्समध्ये एक कागद होता. तो तुम्हाला दाखवायचा आणि त्या निमित्तानं तुम्हाला तो जुना प्रश्न आणखी एकदा विचारायचा, असा बेत होता. तिरुवान्मियूरच्या स्टेशनात गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा मामींचा फोन आला. "बाई, सावकाश ये," एवढंच त्या म्हणाल्या. मामींनी माझ्या आठवणीत कधी कुणाला सावकाश ये म्हटलेलं नाही. मी तिथल्या बाकावर बसले आणि एक गाडी तशीच जाऊ दिली.

आज बारावा दिवस. मैलापूरच्या तुमच्या घरी माणसांची ये-जा थांबत नाही. ऑफिसातले जुने लोक येतात, गाण्याच्या सभेत तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे येतात, आणि सगळे एकच वाक्य बोलतात, की राव सार म्हणजे अगदी सरळ माणूस. मी मान हलवते आणि कॉफीचे टंबलर गोळा करते. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, मला ते पटलेलं नाही. सरळ माणसाला नऊ वर्षं एकच प्रश्न विचारला तर तो एकदा तरी सरळ उत्तर देतो. तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलंत, आणि दर वेळी मला वाटलं की हेच खरं असणार.

प्रश्न तर साधा होता. विद्यापीठानं फी वाढवली आणि आम्ही मुलं फाटकाबाहेर जाऊन बसलो, तेव्हा तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे होतात?

मी सांगलीहून एमए करायला इथे आले आणि तुमच्या गच्चीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले; मामा-मामी म्हणायला लागले ते इथल्या रिवाजानं. मराठी बोलणारं घर मिळालं म्हणून माझे आई-बाबा खूश होते. पहिल्या संध्याकाळी तुम्ही जिन्यात उभे राहून विचारलंत, "जेवण जालें कां, वृषालीबाई?" मी हसू दाबलं. तंजावरहून आलेल्या घराण्यातली मराठी अशी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एखादा जुना दस्तऐवज उठून बोलायला लागल्यासारखं वाटलं. तुम्हाला माझं हसू दिसलं. "तुझी मराठी पेपरासारखी अहा," तुम्ही म्हणालात. "सगळें कळतें, पण घरांतलें कोणी बोलल्यासारखें वाटत नाहीं." त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं आणि जमलंही.

तुम्ही विद्यापीठाच्या कचेरीत अधीक्षक होतात आणि निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. तुमचं काम मसुद्यांचं. विद्यापीठातून बाहेर पडणारं जवळजवळ प्रत्येक पत्र आधी तुमच्या पेन्सिलीतून कागदावर उतरायचं. सही साहेबांची, वाक्यं तुमची. घरी मात्र ऑफिसबद्दल एक शब्द नाही. ऑफिसचा कागद ऑफिसात, घरचा कागद घरात, हा तुमचा नियम मामींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता, जरा अभिमानानं आणि जरा वैतागून.

पहिलं वर्ष संपता संपता ते परिपत्रक लागलं. फी एका फटक्यात इतकी वाढली होती की मुलांनी आधी छपाईची चूक समजून फोटो काढले. वाढ फक्त नव्या मुलांना नव्हती, आम्हा दुसऱ्या वर्षात जाणाऱ्यांनाही होती. माझं ठीक होतं, माझ्या बाबांनी कुरकुर करत भरली असती. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या कयलचं तसं नव्हतं. तिचे वडील गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपात लेथवर काम करायचे. तिनं परिपत्रक एकदा वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, "मग मी पुढच्या वर्षी येत नाही." आज डबा आणला नाही, असं सांगावं तितक्या साधेपणानं. मला त्या साधेपणाचाच राग आला. मी फाटकाबाहेर बसले ती कयलसाठी बसले, हे तुम्हालाही ठाऊक होतं. त्या मुलीचं दुसरं वर्ष व्हायला हवं, बाकी मला काही नको होतं.

ते फाटकाबाहेरचे दिवस आठवले की मला आधी तुम्हीच दिसता. आम्ही सावलीला ताडपत्री बांधून बसलेलो. सकाळी तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, एका हातात ऑफिसची बॅग आणि दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा कॅन घेऊन यायचात. कॅनमध्ये मामींनी केलेलं कढीपत्ता-आलं घातलेलं पातळ ताक. कॅन आमच्यापाशी ठेवायचात, एकाकडेही न बघता, आणि रखवालदाराला ओळखपत्र दाखवून आत जायचात. ज्यांच्या विरोधात आम्ही ओरडत होतो त्यांच्यातच जाऊन बसायला. रखवालदार एकदा कॅनकडे आणि एकदा तुमच्याकडे बघत राहायचा. तोही बहुधा माझाच प्रश्न मनात घोळवत असेल.

संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही फीबद्दल बोलत नव्हतात. तुमची तक्रार वेगळीच. ऑफिसातल्या तुमच्या टेबलाजवळच्या खिडकीतून आमच्या घोषणा ऐकू यायच्या. "तीन वाजतां जी टोळी बसते, ती ताळांत नाहीं," तुम्ही मांडीवर थाप देत म्हणालात. "शेवटीं एक मात्रा खातां तुम्हीं. ऐकणाऱ्याला त्रास होतो." आणि तुम्ही आमचीच घोषणा मला बरोबर तालात म्हणून दाखवलीत, हलक्या आवाजात, डोळे मिटून. मला तमीळ धड येत नव्हतं. ती घोषणा नीट म्हणायला मी विद्यापीठाच्या अधीक्षकाकडून शिकले. दुसऱ्या दिवशी आम्ही ती तशी दिली. खिडकीत कोणी दिसलं नाही, पण मी बघत होते.

मग निवेदन. आठव्या दिवशी साहेबांनी निरोप पाठवला की लेखी मागण्या द्या. आमच्या समितीनं चौदा मागण्या काढल्या. फीवाढ रद्द करा ही पहिली, मग पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहाची मेस, असं करत बसथांब्यावरच्या छपरापर्यंत. मी तो कागद अभिमानानं जेवणाच्या टेबलावर तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही रसमभाताचा हात तसाच ठेवून वाचलात.

"ह्यांतली कोणती एक मिळाली नाहीं तर कोणी शिक्षण सोडून घरीं बसेल?" तुम्ही विचारलंत.

"पहिली," मी म्हणाले.

"मग बाकी तेरा कशाला? चौदा मागितलां तर ते तेरा देतील. देऊन मोकळे होतील. सरि? बरोबर कां?"

"मामा, माणसं एका मागणीवर जमत नाहीत. वसतिगृहाच्या मुली मेससाठी आल्यात. सायन्सची मुलं ग्रंथालयासाठी बसलीत. त्या तेरा काढल्या तर ताडपत्रीखाली मी आणि कयल दोघीच उरू."

तुम्ही कागद परत वरपासून खाली वाचलात. मग म्हणालात, "माणसें जमवायला चौदा पाहिजेत, तें खरें. पण कागदावर एकच पाहिजे."

"आणि उरलेल्यांना काय सांगू?"

तुम्ही भात संपवलात. तो वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला, आणि आजही मला वाटतं की त्या टेबलावर आपण दोघंही बरोबर होतो. मी मात्र तेव्हा तसं म्हटलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही शेवटी त्यांचेच ना." मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि "पोदुम", पुरे आता, म्हणून ताट उचलून घेऊन गेल्या.

आम्ही चौदाच दिल्या. चार दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत आणि तमीळमध्ये, सुरेख आखलेला तक्ता, तीन रकान्यांचा. मागणी, निर्णय, शेरा. दोन ते चौदा या सगळ्यांसमोर "मान्य". पहिलीसमोर "सहानुभूतीपूर्वक विचाराधीन". फाटकाबाहेर टाळ्या पडल्या, कोणीतरी पेढ्यांचा बॉक्स आणला. तेरा मागण्या मान्य, एवढं यश कोणाला मिळतं? संध्याकाळपर्यंत वसतिगृहाच्या मुली परतल्या, सायन्सची मुलं परतली, आणि ताडपत्री सोडायला मी आणि कयल दोघीच उरलो.

मी घरी आले ती जिना न चढता सरळ तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही झोपाळ्यावर पेपर वाचत होतात.

"हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"मी लिव्हलों," तुम्ही म्हणालात. आढेवेढे नाहीत, खुलासा नाही. पेपर खाली केलात आणि माझ्याकडे बघत राहिलात, मी आणखी काही विचारीन म्हणून. मी विचारलं नाही. मी म्हणाले, उद्यापासून माझं जेवण धरू नका.

पुढचे बावीस दिवस मी बाहेर मेसमध्ये जेवले. मामी रोज माझ्या दाराशी काहीतरी झाकून ठेवायच्या आणि मी रोज ते तसंच खाली नेऊन ठेवायची. मी किती आडमुठी होते हे तुम्ही नंतर चारचौघांत मिटक्या मारत सांगायचात. जिन्यात आपण भेटायचो. तुम्ही "जेवण जालें कां?" विचारायचात आणि मी "हो" म्हणून वर जायची. बस, एवढंच.

त्यातल्या चौदाव्या दिवशी कयलचा फोन आला. ती वह्या-पुस्तकं आवरत होती. जुन्या कागदांत तिला तो तक्ता सापडला आणि तिनं तो पहिल्यांदा पूर्ण वाचला, तिसऱ्या रकान्यासकट. आमच्यातल्या कोणीही तो रकाना वाचला नव्हता. शेऱ्यात काय असणार? पाण्याच्या मागणीसमोर "संबंधित विभागास कळविले", मेससमोर "समिती नेमण्यात येईल". आणि पहिलीसमोर एका जुन्या ठरावाचा क्रमांक, दुसरं काही नाही. "वृषाली, हा नंबर कसला ग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, असेल काहीतरी, ऑफिसवाले असले आकडे टाकतातच. पण कयलच्या वडिलांनी तिला एक शिकवलं होतं, की ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप वाचायचं, कुठलंच माप उगीच नसतं. ती गेली, अर्ज केला आणि आठवड्यानं त्या ठरावाची प्रत घेऊन आली. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की प्रवेश घेताना जी फी असेल तीच तो अभ्यासक्रम संपेपर्यंत राहील.

मग आम्ही एकाच मागणीचं निवेदन दिलं. चार ओळींचं. सोबत ठरावाची प्रत, आणि ज्या उत्तरात तो क्रमांक होता ते उत्तर, साहेबांच्या सहीचं. नाकारायला जागाच नव्हती. आधीपासून शिकणाऱ्यांची वाढ रद्द झाली. कयलनं दुसरं वर्ष केलं, पहिल्या वर्गात केलं, आणि आज ती कोईम्बतूरला शिकवते. परवा ती आली होती. तुमच्या फोटोसमोर इतका वेळ उभी राहिली की मामींनी तिला खुर्ची आणून दिली.

ते निवेदन दिलं त्या संध्याकाळी मी घरात शिरले ती ओरडतच शिरले, "मामा, जेवायला वाढा." तुम्ही पान मांडलंत. तुम्ही स्वतः मांडलंत, मामी बघतच राहिल्या. मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम लिहिलंत ना तो नंबर?"

"रकाना रिकामा ठेवूं नये, बाई," तुम्ही म्हणालात. "सवय अहा."

हे पहिलं उत्तर. पुढे तुमच्या निवृत्तीच्या दिवशी विचारलं तर म्हणालात, ठराव होता म्हणून क्रमांक लिहिला, नसता तर लिहिला नसता. माझ्या लग्नात विचारलं तर म्हणालात, साहेब शेरा वाचत नाहीत हें मला ठाऊक होतें. मी म्हटलं, म्हणजे मुद्दाम! तर लगेच म्हणालात, मी काय म्हटलों, वाचत नाहीत, एवढेंच. एकदा सभेत मृदंगवाला एकटा वाजवत होता तेव्हा कानाशी लागून विचारलं, तर तुम्ही मला गप्प केलंत आणि कार्यक्रम संपल्यावर प्रश्न विसरल्याचं नाटक केलंत. मला राग यायचा आणि मजाही वाटायची. आता तुम्ही नाहीत तर नुसता राग उरलाय. उत्तर न देता माणूस असा जातो का?

आणि एक गोष्ट आहे, जी तुम्ही मला विचारलीत आणि मी टाळली. त्याच जेवणाच्या वेळी, मी तिसऱ्यांदा भात घेत असताना, तुम्ही हळूच म्हणालात, "पुढल्या वर्षीं येणारीं पोरें?" त्यांना वाढीव फीच लागणार होती. आमच्या चार ओळींत ती नव्हती. मी म्हणाले, "ती बघतील त्यांचं." तुम्ही माझ्या पानात ताक वाढलंत. कयलची धाकटी बहीण पुढच्या वर्षी येणार होती. ती आली नाही, तिनं एका दुकानात हिशेबाचं काम धरलं. कयलनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. तुम्हीही नाही. ते "ती बघतील त्यांचं" मला परत घ्यायचं होतं, तुमच्यासमोर. राहून गेलं.

आता पर्समधल्या कागदाबद्दल. पेरुंगुडीच्या ज्या खासगी कॉलेजात मी शिकवते, तिथे यंदा फी वाढली. मुलं बदामाच्या झाडाखाली बसली आहेत. त्यांनी सतरा मागण्या दिल्या. मी तक्रार समितीची सचिव, म्हणून उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. हसाल तुम्ही. मी तीन रकाने आखले, सोळा मागण्यांसमोर सांगितल्याप्रमाणे "मान्य" लिहिलं, पहिलीसमोर "विचाराधीन", आणि शेऱ्यापाशी पेन थांबलं. आमच्याही कॉलेजाचा एक जुना नियम आहे. कोणाचीही फी वाढवण्याआधी विद्यार्थी प्रतिनिधींसह बैठक घ्यावी लागते, नाहीतर वाढ लागू होत नाही. नव्यांना नाही, जुन्यांनाही नाही. अशी बैठक झालेलीच नाही. मला तो नियम ठाऊक आहे, माझी नोकरी कायम झालेली नाही हेही ठाऊक आहे. तो कागद घेऊन मी त्या मंगळवारी तुमच्याकडे निघाले होते. तुम्ही नक्की काय केलं होतंत हे कळलं असतं तर मला काय करायचं ते कळलं असतं.

तुम्ही गेल्याच्या सातव्या दिवशी, घरात दुसरं कोणी नसताना, मी मामींनाच विचारलं. मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऑफिसचा कागद त्यांनीं घरीं आणला तो एकदांच. त्याच दिवसांत. झोपाळ्यावर बसून पेन्सिलीनें एक ओळ लिव्हले, पुसले, परत लिव्हले, परत पुसले. तीनदां."

मला भरून आलं. मी म्हटलं, "बघा मामी, म्हणजे सवय नव्हती ती."

मामींनी सूप खाली ठेवलं. "तुला काय सांगूं," त्या म्हणाल्या, "दुधाची यादी पण ते तीनदां पुसत."

आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघी रडलो, आणि मामी रडता रडता म्हणाल्या की तांदळात खडे राहिले तर तुझ्यामुळे.

आठव्या दिवशी मी कॉलेजात गेले आणि पहिल्या मागणीच्या शेऱ्यात त्या नियमाचा क्रमांक लिहिला. पेन्सिलीनं, तीनदा पुसून. मग टाइप केला. प्राचार्यांनी निर्णयाचा रकाना वाचला, खूश झाले, सही केली. शेरा वाचला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वाचत नाहीत, एवढेंच.

उत्तर घ्यायला एक मुलगी आली, मुलांची पुढारी. तिनं पहिली ओळ वाचली, "विचाराधीन"पाशी थांबली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तिथल्या तिथे तुमच्या झोपाळ्यासमोर जाऊन उभी राहिले. "मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, मी लिहिलं," मी म्हणाले, आणि तुमच्यासारखीच तिच्याकडे बघत राहिले, ती आणखी काही विचारील म्हणून. पूर्ण वाच, एवढं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मी सांगितलं असतं तर तो क्रमांक माझ्या तोंडचा झाला असता, प्राचार्यांच्या सहीचा राहिला नसता. तिनं कागदाची घडी घातली आणि निघून गेली. झाडाखाली टाळ्या पडल्या.

आज सकाळी मामींनी मला स्टीलचा कॅन भरून दिला. मी तो झाडाखाली ठेवला. चारच मुलं उरली आहेत. त्या मुलीनं ताक घेतलं नाही आणि माझ्याशी बोललीही नाही. तक्ता तिच्या पिशवीतून बाहेर डोकावत होता, घडी तशीच.

तर मामा, जुना प्रश्न मी सोडून दिला. आता नवा आहे. मी बावीस दिवस तुमच्या घरी जेवले नाही, आणि त्या बावीस दिवसांत तुम्ही रोज जिन्यात उभे राहून मला जेवण जालें कां एवढंच विचारलंत. ते दिवस तुम्ही कसे काढलेत? माझा आज चौथा दिवस आहे.